नाव काढायचं तर पंचनामा करून काढा

प्रति,
संचालक, मत्स्य व वन्यजीव सेवा,
वॉशिंग्टन डी. सी., अमेरिका

विषय: हस्तिदंती चोचीच्या सुतार पक्ष्याचं नाव संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतून वगळण्याबाबत

स. न. वि. वि.

सप्टेंबर 2021 मध्ये तुमच्या कार्यालयाने 23 जीव नामशेष झाल्याचं सांगून त्यांची नावं यादीतून काढण्याचा प्रस्ताव मांडला. ऑक्टोबर 2023 मध्ये त्यातल्या 21 नावांवर कायमची काट मारली. उरलेल्या दोघांत एक हवाईतली वनस्पती आणि दुसरा हा सुतार. त्याच्याबद्दल आणखी तपासणी करू, असं तुम्ही म्हणालात. हे पत्र त्या तपासणीबद्दल आहे.

मी खानदेशातला हौशी पक्षीनिरीक्षक. तुमच्या देशाचा नागरिक नाही, करदाता नाही, आणि हा सुतार मी फक्त चित्रांत आणि 1935 सालच्या त्या कृष्णधवल फिल्ममध्ये पाहिलाय. तरी लिहितोय, कारण गेला म्हणून धरलेला पक्षी परत सापडला की काय होतं, ते आमच्या भागाने पाहिलंय. त्याकडे पुढे येतो. मराठीत लिहितोय ते मुद्दाम. ज्या गोष्टीसाठी तुम्हाला धरतोय, तिच्यात आमचं घरही फार नीटनेटकं नाही, तेव्हा इथल्यांनीही वाचलेलं बरं.

पक्षी जिवंत आहे की गेला, या भांडणात मला पडायचं नाही. माझी मागणी एवढीच, की नाव काढायचं झालं तर पंचनामा करून काढा. आमच्याकडे वाघ मेला की जागेवर पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, आणि वेगळं काही सिद्ध होईपर्यंत तो मृत्यू शिकारच समजून तपासला जातो. नियम असा आहे; तो पाळला किती जातो हा स्वतंत्र विषय. पण एक वाघ मेला तर कारण लिहावं लागतं आणि अख्खी जात गेली तर राजपत्रातली एक नोंद पुरते, हे काही बरोबर नाही.

इथल्या वाचकांसाठी थोडं पक्ष्याबद्दल. तळकोकणात आणि गोव्यात पांढऱ्या पोटाचा मोठा काळा सुतार दिसतो, तो ज्यांनी पाहिलाय त्यांना आकाराचा अंदाज येईल. हा त्याहून किंचित मोठा, जवळजवळ अर्धा मीटर लांब. काळा अंगरंग, मानेवरून पाठीवर उतरणारे पांढरे पट्टे, पंखांच्या मागच्या कडेला रुंद पांढरा भाग, नराला लाल तुरा, मादीला काळा, आणि चोच हस्तिदंतासारखी फिकट. आवाज पिपाणीसारखा, आणि खोडावर टोले मारायचा ते दोन, एकाला लागून एक. मिसिसिपीच्या खोऱ्यातली आणि दक्षिणेकडच्या राज्यांतली नदीकाठची पाणथळ, जुनी जंगलं हे त्याचं घर. नुकत्याच वठलेल्या मोठ्या झाडाची साल चोचीने सोलायची आणि खालच्या भुंगेऱ्यांच्या अळ्या खायच्या, हा त्याचा मुख्य उद्योग. झाड फार जुनं मेलेलं असलं की या अळ्या संपतात. म्हणजे त्याला सतत कुठे ना कुठे नवं म्हातारं झाड मरत राहील एवढं मोठं जंगल लागायचं.

किती मोठं, याचा आकडा आहे. कॉर्नेल विद्यापीठाचे जेम्स टॅनर 1937 ते 1939 अशी तीन वर्षं या पक्ष्यामागे दलदली तुडवत फिरले. उत्तमातल्या उत्तम जंगलातसुद्धा एका जोडीला सहा चौरस मैल, म्हणजे साधारण 16 चौरस किलोमीटर जागा लागते, असं त्यांनी मांडलं. तेवढ्याच जागेत पायलिएटेड सुताराच्या (तिथलाच, दिसायला याच्याशी बराच मिळताजुळता पक्षी) 36 जोड्या राहतात आणि लाल पोटाच्या सुताराच्या 126. सगळ्या अमेरिकेत मिळून हे पक्षी 22 ते 24 उरले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. ऑड्युबॉन सोसायटी या पक्षी-संरक्षण संस्थेने हा अहवाल 1942 मध्ये छापला. कोणत्या झाडांवर खातो, कुठली झाडं राखायची, तोड कशी करायची, कुठे अजिबात करायची नाही, सगळं त्यात आहे. एखाद्या संपत चाललेल्या पक्ष्याबद्दल तो संपण्याआधी इतकं नेमकं लिहून ठेवल्याची उदाहरणं फार नाहीत.

आणि तरीही पुढच्या दोन वर्षांत खेळ आटोपला. माझं म्हणणं इथे सुरू होतं.

टॅनर यांचं बरंचसं काम लुईझियानातल्या टेन्सास नदीकाठच्या एका जंगलात झालं. सुमारे 80,000 एकरांचं ते जंगल सिंगर कंपनीच्या मालकीचं होतं. होय, शिलाई मशीनवाली सिंगर. महाराष्ट्रात असं जुनं घर विरळा, जिथे आजीचं काळं, सोनेरी नक्षीचं सिंगर मशीन नव्हतं. मशीनच्या लाकडी कॅबिनेटसाठी ओक मिळावा म्हणून कंपनीने ही जमीन घेतली होती. गंमत अशी, की कंपनीने बराच काळ ती तोडलीच नाही, आणि त्यामुळे आसपासची जंगलं साफ होत असताना हे टिकलं. मग तोडीचे हक्क शिकागो मिल अँड लंबर कंपनीकडे गेले आणि करवती लागल्या.

कोणी गप्प बसलं नव्हतं. लुईझियाना, अर्कान्सा, टेनेसी आणि मिसिसिपी या चारही राज्यांच्या गव्हर्नरांनी जंगल वाचवा म्हणून लिहिलं. राष्ट्रीय उद्यान करावं असं विधेयक संसदेत आलं आणि बारगळलं. लुईझियानाने जमीन विकत घ्यायला पैसे देऊ केले. 1943 च्या अखेरीस शिकागोत बैठक झाली. आम्ही पैसा कमावणारी माणसं, तुमच्या नैतिक विचारांशी आम्हाला देणंघेणं नाही, अशा अर्थाचं उत्तर तिथे कंपनीच्या प्रमुखाने दिल्याची नोंद आहे. युद्ध चालू होतं, लाकडाला मागणी होती, मजूर मिळत नव्हते, तर जर्मन युद्धकैदी आणून तोड सुरू ठेवली गेली. त्या लाकडाच्या पेट्या-खोकी झाली.

एप्रिल 1944 मध्ये ऑड्युबॉन सोसायटीने डॉन एकेलबेरी या चित्रकाराला तिथे पाठवलं. तोडलेल्या रानाच्या कडेला एकटी मादी उरली होती. त्यांनी तिची रेखाचित्रं काढली. सोबतीला जवळची दोन मुलं होती. अमेरिकेतलं सर्वांना मान्य असलेलं शेवटचं दर्शन ते हेच.

आता 2021 चा तुमचा प्रस्ताव. शेवटचं निर्विवाद दर्शन एप्रिल 1944, ईशान्य लुईझियाना, असं त्यात बरोबर लिहिलंय. कारण म्हणून अधिवासाचा नाश आणि नमुन्यांसाठी (म्हणजे संग्रहात ठेवायला मारलेल्या पक्ष्यांसाठी) झालेली शिकार, हेही आहे. खोटं काही नाही. पण ‘अधिवासाचा नाश’ म्हणजे जणू पाऊस कमी पडला. कोणाच्या जमिनीवर, कोणी, कोणाच्या परवानगीने, कोणता अहवाल हातात असताना, आणि कोणाकोणाची पत्रं बाजूला ठेवून? याची उत्तरं कागदोपत्री आहेत, तुमच्याच ग्रंथालयांत आहेत. तुमची सेवा 1940 मध्ये स्थापन झाली, म्हणजे 1944 मध्ये तुम्ही होतात. तुमच्या अधिकाऱ्यांनी तेव्हा काय केलं, कायद्याने त्यांचे हात किती बांधलेले होते, तेही येऊ द्या. कदाचित त्यातून तुमची बाजूही दिसेल. संकटग्रस्त प्रजातींचा 1973 चा कायदा तेव्हा असता तर ती बैठक तशी संपली नसती, हे मला पटतं. मग तेच लिहा ना. त्या कायद्याच्या बाजूने याहून मोठा दाखला कुठला?

परवान्यांचं प्रकरणही पंचनाम्यात हवं. 1924 मध्ये कॉर्नेलचे आर्थर ॲलन यांना फ्लोरिडात एक जोडी सापडली. संपला असंच लोक तोवर धरून चालले होते. ॲलन तिथून हलले आणि स्थानिक नमुनेवाल्यांनी कायदेशीर परवाना दाखवून ती जोडी मारली. 1932 मध्ये मेसन स्पेन्सर नावाचे लुईझियानातले वकील आणि आमदार राज्याच्या वन्यजीव खात्यात गेले आणि आमच्याकडे हा पक्षी आहे म्हणाले. अधिकाऱ्यांनी थट्टा केली, पण एक मारून दाखवायचा परवाना दिला. स्पेन्सर यांनी मारून आणून दाखवला. पक्षी असल्याचा पुरावा म्हणून एक पक्षी कमी! त्याच पुराव्यामुळे 1935 ची कॉर्नेलची मोहीम सिंगरच्या जंगलात पोचली, तिथे फिल्म झाली, आवाज ध्वनिमुद्रित झाला, आणि आजही कोणी संशयित आवाज आणला की तो त्या ध्वनिमुद्रणाशीच ताडून बघतात. जगभरच्या संग्रहालयांत या पक्ष्याचे 400 हून अधिक नमुने आहेत. टॅनर यांनी मोजलेल्या जिवंत पक्ष्यांशी हा आकडा ताडून पाहा. जसजसा दुर्मीळ होत गेला तसतशी संग्राहकांची झुंबड वाढली.

‘अजून आहे’ म्हणणाऱ्यांबद्दल थोडक्यात. 2004 मध्ये अर्कान्सातल्या कॅश नदीच्या अभयारण्यात तो दिसल्याचं सांगितलं गेलं, चार सेकंदांचा व्हिडिओ मिळाला, 2005 मध्ये ‘सायन्स’मध्ये निबंध आला आणि तुमच्या मंत्र्यांनी वॉशिंग्टनमध्ये पत्रकार परिषद घेतली. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात डेव्हिड सिब्ली आणि सहकाऱ्यांनी, हा तर पायलिएटेड सुतार, असं उत्तर दिलं. कॉर्नेलने पाच वर्षं शोधलं. एकही स्वच्छ छायाचित्र नाही. 2023 मध्ये लुईझियानातून ड्रोन आणि ट्रॅप कॅमेऱ्यांच्या चित्रांवर आधारलेला आणखी एक निबंध आला. मी ती चित्रं मोठी करून करून पाहिली. मला त्यांत पाहायचं असेल ते दिसतं, आणि तीच त्यांची अडचण आहे. माझा कौल विचाराल तर बहुधा गेला. क्यूबातला त्याचा भाऊबंद 1987 पर्यंत पूर्वेकडच्या डोंगरांत दिसला होता, पुढे तिथेही शांतता.

पण घाईने काट मारू नका म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. फिलिपीन्समधल्या सेबू बेटावर जंगल संपलं म्हणून तिथला फुलटोच्याही संपला असं धरलं गेलं, आणि 1992 मध्ये तो एका लहानशा तुकड्यात निघाला. गेला म्हटलं की शोध थांबतो, पैसा थांबतो, जंगलावरचं लक्ष उडतं. याचसाठी माझं म्हणणं, की पुरावा कोणता चालेल ते आधी छापा. सगळ्यांना सारखंच दिसेल असं छायाचित्र किंवा चित्रीकरण हवं, असं तुम्ही हरकती-सूचना मागवताना म्हटलं होतं. मग पंखाची कुठली कडा दिसली पाहिजे, किती तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे बघायचं, पिसातला डीएनए चालणार का, हे निकालाआधी ठरू द्या. निकालानंतर निकष सांगितले की कोणाचाच विश्वास बसत नाही.

आता आमच्या पिंगळ्याकडे येतो. रानपिंगळा. या छोट्या घुबडाचा शेवटचा खरा नमुना 1884 मध्ये जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशात मिळवला. त्यानंतरची एकच मोठी नोंद होती, 1914 ची, गुजरातेतल्या मांडवीची, कर्नल रिचर्ड माइनर्त्झहागेन यांच्या नावावर. त्या नोंदीच्या भरवशावर लोक शोधत राहिले, त्यात सालिम अली आणि डिलन रिप्लीसुद्धा. मिळालं काही नाही. मग तुमच्या स्मिथसोनियनमधल्या पामेला रासमुसेन यांनी तो नमुना नीट तपासला आणि तो चोरीचा निघाला. डेव्हिडसनचाच जुना पक्षी संग्रहालयातून उचलून, पुन्हा शिवून, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली. ती नोंद बाद झाल्यावर शोधाची दिशाच बदलली. नोव्हेंबर 1997 मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा भर दिवसा, उघड्या झाडावर बसलेला दिसला. 113 वर्षांनी.

हे सांगून तुम्हाला आशा लावायची नाही. उलट म्हणायचंय, की आशेने तो सापडला नाही. कोणीतरी बसून जुन्या कागदांचा पंचनामा केला, कोण खोटं बोललं ते नावानिशी लिहिलं, म्हणून सापडला. माइनर्त्झहागेन हे नाव ब्रिटिश पक्षिशास्त्रात मोठं होतं. ते लिहायला धाडस लागलं असणार.

आणि सापडल्यावर? तळोद्याचं जंगल त्याआधीच सरदार सरोवराच्या विस्थापितांसाठी मोकळं करायला घेतलं होतं. ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्यांना जमीन मिळायलाच हवी होती, त्यात वाद नाही. पण ती जंगलातून द्यायची हे कोणीतरी ठरवलं. पुढे अतिक्रमणंही वाढली. सुदैवाने रानपिंगळा मेळघाटात, यावलला आणि आणखीही काही ठिकाणी निघाला, म्हणून तो एका रानावर अवलंबून राहिला नाही. माळढोकाचं तेवढंही सुदैव नाही. सोलापूरजवळच्या नान्नजला आता तो दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. उद्या महाराष्ट्राच्या यादीतून त्याचं नाव काढायची वेळ आली, तर आमच्या वनखात्याकडेही मी हेच मागणार आहे: किती माळरान कोणाला दिलं, कधी दिलं, आणि तेव्हा टेबलावर कोणता अहवाल होता.

तुमच्या अडचणी मला ठाऊक नाहीत असं नाही. 2006 मध्ये अर्कान्सातल्या एका मोठ्या सिंचन प्रकल्पाचं काम याच पक्ष्याचा विचार नीट झाला नाही म्हणून संघीय न्यायाधीशांनी थांबवलं होतं. नाव यादीत आहे तोवर कोर्टात ते हत्यार आहे. म्हणून काहींना ते राहायला हवंय, काहींना जायला हवंय, आणि दोन्हीकडच्या सगळ्यांनाच पक्ष्याशी देणंघेणं आहे असं नाही. पण नदीकाठच्या जंगलाचं संरक्षण एका पक्ष्याच्या पुसट व्हिडिओवर टांगून ठेवणं ही कमकुवत सोय आहे. सिंगरच्या त्या जमिनीच्या काही भागावर 1980 पासून तुमचंच टेन्सास नदी अभयारण्य उभं आहे. तिथला लुईझियानाचा काळा अस्वल सावरला म्हणून 2016 मध्ये त्याचं नाव यादीतून काढलं गेलं. हेही नाव काढणंच. त्या वेळी अस्वल कसं सावरलं, कोणी काय केलं, हे तुम्ही सविस्तर आणि अभिमानाने लिहिलंत. तीच तपशिलाची सवय जाणाऱ्यांच्या बाबतीतही लावा, एवढंच.

2021 च्या तुमच्या यादीत हवाईतले आठ पक्षी होते. डासांमुळे पसरणाऱ्या पक्ष्यांच्या हिवतापाने त्यातल्या बऱ्याच जणांचा घास घेतला. कवाई बेटावरचा अकिकिकी आज त्याच वाटेवर आहे. 2023 मध्ये जंगलात जेमतेम पाचच्या आसपास उरल्याचा अंदाज होता. तिथे तुम्ही आणि तुमचे सहकारी डासांची पैदास रोखण्यासाठी खास नर डास सोडताय, हे वाचून बरं वाटलं. टॅनर यांचा अहवाल 1942 चा आणि ती मादी 1944 ची, हा हिशेब तुमच्या कोणाच्या तरी डोक्यात असणार असं मी धरतो. असेल तर तो राजपत्रातही येऊ द्या, म्हणजे पुढच्या एखाद्या शिकागोतल्या बैठकीत कोणाला तरी तो कागद समोर ठेवता येईल.

तेव्हा विनंती अशी. सुताराबाबतचा निकाल जो द्याल तो द्या, पण त्याला 1942 चा अहवाल जोडा, चार गव्हर्नरांची पत्रं जोडा, तोडीचे करार आणि परवाने जोडा, आणि 1937 ते 1944 या सात वर्षांचा घटनाक्रम तारीखवार लिहा. पुढे कधी स्वच्छ छायाचित्र आलंच, तर नाव पुन्हा यादीत घ्यायची तरतूद कायद्यात आहेच. जोडलेले कागद तेव्हाही उपयोगी पडतील. निकालाची एक प्रत टेन्सासच्या अभयारण्यातल्या अभ्यागत केंद्रात, सहज हाताला लागेल अशा जागी ठेवावी.

कळावे.

आपला,
खानदेशातला एक पक्षीनिरीक्षक